भल्या भावांना शेवट हवाय

आ-लियांग हयात होता तोवर आ-श्याच्या कादंबऱ्यांची परीक्षा संडासात व्हायची.

दुपारी न्याहारीचं दुकान बंद झालं, तवा घासून पालथा पडला की तो बायकोचं नवं प्रकरण घेऊन पंख्याखाली बसे. वाचून झाल्यावर काही बोलत नसे. बोलून उपयोगही नव्हता, कारण जन्मभरात तिच्या लिखाणाला तो "छान आहे" याखेरीज काही म्हणाला नव्हता, आणि अंड्याच्या पोळीलाही तो तेच म्हणायचा. खरा निकाल रात्री लागे. संडासाला जाताना दिवा न लावताच गेला, तर प्रकरण नापास. दिवा लावून गेला, तर पास. आणि बोळातला, जिन्यातला, स्वयंपाकघरातला असे सगळे दिवे लावत, आईला हाका मारत गेला, तर आ-श्या उशीत तोंड खुपसून हसायची आणि सकाळी ते प्रकरण जसंच्या तसं तैपेईला पाठवायची.

अशा आठ कादंबऱ्या त्या संडासाच्या वाटेवरून पार पडल्या होत्या. ताइनानच्या त्या गल्लीत तिला न्याहारीवाली म्हणूनच ओळखत. पण दरवर्षी पुस्तकांच्या जत्रेत नखं काळी रंगवलेल्या मुली रांग लावून तिच्या सह्या घेत आणि विचारत, "ताई, तुम्हाला कधी दिसलंय का हो?" तिला काही म्हणता काही दिसलं नव्हतं. भुतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. विश्वास होता आ-लियांगचा. ती फक्त तो वापरून घ्यायची, शेजारणीची वाटी वापरावी तसा.

मागल्या हिवाळ्यात आ-लियांग गेला. सोयाबीनच्या दुधाचं पातेलं उतरवलं, "जरा बसतो" म्हणाला आणि बसल्या बसल्या गेला. जन्माचा घाबरट माणूस, त्याला मरणानं मात्र घाबरायची उसंत दिली नाही.

आता नववी कादंबरी अडली होती. 'आकाशाची लिफ्ट' तिचं नाव. पुढच्या शतकात जमिनीपासून थेट अंतराळापर्यंत एक तार ताणलेली असते, तिच्यावरून लिफ्ट वर जाते, आठवडाभराचा प्रवास. एक दुरुस्तीवाली बाई त्या लिफ्टमध्ये एकटीच निघते, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात येतं की बटणं आणखी कुणीतरी दाबतंय. विज्ञान वाचणाऱ्यांना विज्ञान आणि भुतं वाचणाऱ्यांना भूत. शेवटचं प्रकरण सोडून सगळं लिहून तयार होतं. पण लिहिलेलं भीतिदायक आहे की नुसतंच लांबलचक, ते सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. त्या शंकेनं शेवट सुचत नव्हता, आणि शेवट सुचत नव्हता म्हणून शंका वाढत होती.

तैपेईहून संपादक फंग साहेबांचा फोन आला.

"ताई, महिनाअखेर शेवट हातात पडला नाही तर तुमच्या जागी मी तो यंत्रमानव गुप्तहेर छापतो. मला जत्रेत मांडायला काहीतरी हवं."

"आतापर्यंतचं वाचलंत ना? भीती वाटली?"

"मला?" फंग साहेब हसले. "तीस वर्षं हेच वाचतोय. माझ्या पलंगाखालून खरंच हात आला तर मी आधी त्याची शुद्धलेखनाची चूक काढीन. मला काय विचारता!"

राहता राहिल्या सासूबाई. त्या तर कशालाच भीत नसत. मेलेल्यांशी त्यांचं येणंजाणं समोरच्या बिऱ्हाडाशी असावं तसं होतं. कोण कधी येणार, काय खाणार, कुणाचा राग कशावर, सगळं ठाऊक.

तर असा चिनी पंचांगाचा सातवा महिना लागला. पाताळाचं फाटक उघडलं, खालची मंडळी महिनाभराच्या सुटीवर वर आली. गल्लीत कुणी 'भूत' म्हणेना. म्हणायचं 'भले भाऊ'. सासूबाईंनी सुनेलाही बजावलं, "या महिन्यात तो शब्द घरात नको. लिहायचाच असेल तर तोंड मिटून लिही."

पौर्णिमेला घरोघर दारासमोर टेबलं मांडली. सासूबाईंनी शेवयांची पाकिटं, अननस, बिस्किटं, तांदळाची दारू मांडली. भल्या भावांना तोंड धुवायला पाण्याचं घमेलं आणि नवा टॉवेल ठेवला. प्रत्येक पाकिटात उदबत्ती खोचली. मग त्यांना खर्चायला पोचाव्यात म्हणून लाल डब्यात कागदी नोटांच्या चळती जाळायला घेतल्या. आ-श्या आत वाट्या विसळत होती. बाहेर आली तेव्हा डब्यातून जरा जास्तच जाड धूर येत होता.

"आई, हे काय टाकलंत?"

"तुझी कादंबरी," सासूबाई काठीनं राख ढवळत म्हणाल्या. "फ्रिजवर गठ्ठा होता तो. आ-लियांगला पाठवली. नऊ महिने झाले, बिचाऱ्याला वाचायला काही नाही."

आ-श्याला हसू आलं. कॉम्प्युटरमध्ये सगळं होतंच, नुकसान काही नव्हतं. "अहो पण तिला शेवट नाही अजून!"

"मग लिही की लौकर. तो काय पळून चाललाय?"

प्रकरण तिथंच मिटायचं. पण तीन-चार दिवसांनी, कचऱ्याची गाडी यायच्या वेळेला, त्याला पाय फुटले.

संध्याकाळी गाडीची धून दुरून ऐकू आली की सगळी गल्ली पिशव्या घेऊन कोपऱ्यावर जमते. नगरपालिकेच्या मते कचरा टाकायला. कोपऱ्यावर शिवणकाम करणारी श्यो-चू आज पिशवी न आणताच आली होती, यावरूनच काहीतरी शिजतंय हे आ-श्याला कळायला हवं होतं.

"आ-श्या वहिनी," ती दंडाला धरून म्हणाली, "त्या लिफ्टमधल्या बाईचं पुढं काय होतं गं?"

"कुठल्या बाईचं?"

"अगं ती, आकाशात जाते ती. माझी सासू रोज स्वप्नात येऊन माझं डोकं खातेय. जिवंतपणी बाई अक्षर वाचायची नाही, आता म्हणते, शेवटची पानं कुठायत? मला म्हणते, तूच लपवलीस! बारा वर्षं झाली मरून, संशय काही सुटला नाही."

फंग साहेब सोडले तर आ-श्यानं गळ्याशप्पथ ही कादंबरी कुणाला दाखवली नव्हती. ती काही बोलणार, तोच लुओ सर पुढं आले. हे हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बाटल्या वेगळ्या आणि कागद वेगळे अशा दोन पिशव्या घेऊन नेहमी सगळ्यांच्या आधी उभे.

"वहिनी, मी या गोष्टी मानत नाही," ते खाकरले, "पण आमचे वडील काल येऊन म्हणाले की एवढी लांब तार स्वतःच्याच वजनानं तुटेल. ती वर निमुळती हवी की खाली, यावर आमचं पहाटेपर्यंत वाजलं."

"तुमचे वडील तर बैलगाडी हाकायचे ना, सर?"

"तेच तर! मी विचारलं, बाबा, हे कुठं शिकलात? म्हणाले, मेल्यावर वेळ बराच असतो."

गाडी आली. कुणीच कचरा टाकेना. जो तो आपापल्या मयताचं गाऱ्हाणं सांगत होता. सासूबाई मात्र गप्प होत्या, आणि सासूबाई गप्प म्हणजे चूक सासूबाईंची, हे गणित आ-श्या तीस वर्षं सोडवत आली होती.

"आई, तुम्ही गठ्ठ्यावर आ-लियांगचं नाव घातलं होतं ना?"

सासूबाईंनी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"आत देवघरापुढं जाळलं असतं तर नाव घातलंच असतं," त्या अखेर म्हणाल्या. "पण आत धूर कोंडतो, तू खोकतेस. म्हटलं, बाहेर डबा पेटलाच आहे..."

"म्हणजे भल्या भावांच्या डब्यात? बिननावाचं?"

"अगं बाई!" श्यो-चूनं कपाळावर हात मारला. "म्हणजे सगळ्यांनाच गेलं की!"

गल्लीतल्या पोरासोरालाही हे कळतं. नाव घातलेलं पार्सल ज्याचं त्याला, आणि बिननावाचं टाकलं की जो येईल त्याचं. सासूबाईंनी साठ वर्षं यात चूक केली नव्हती. आणि केली ती अशी, की पुस्तक छापून यायच्या आधीच सगळ्या स्मशानानं वाचून काढलं. फंग साहेबांना इतका खप कधी जमला नव्हता.

पुढच्या दिवसांत न्याहारीच्या दुकानात अभिप्रायांचा पाऊस पडला. गिऱ्हाईक मुळ्याच्या वड्या मागायचं आणि सोबत काकाचं मत द्यायचं. एकाच्या आज्याला सुरुवात संथ वाटली. कुणाच्या मावशीला दुरुस्तीवाली बाई आवडली, पण तिचं पुन्हा लग्न जमवा म्हणाली. श्यो-चूच्या सासूला तर त्या लिफ्टमधल्या भुताचीच कणव आली होती. "म्हणते, सबंध पुस्तकात त्या बिचाऱ्याला कुणी घासभर वाढलेलं नाही. चिडणार नाही तर काय करेल? मलाही अशीच उपाशी ठेवायचीस, म्हणते."

"भीती वाटली का, ते विचारलंत?" आ-श्या तव्यावरून मान वर करून विचारायची.

"भीती? त्यांना कसली भीती गं? ते स्वतःच..." आणि सातवा महिना आठवून गिऱ्हाईक जीभ चावायचं.

आ-श्या हसायची, पोळी उलटायची. हे सगळं एकमेकांचं ऐकून पडलेलं स्वप्न आहे, सासूबाईंनीच कुठं तरी बडबड केली असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी दुपारी तवा पालथा घातला की एक गोष्ट सलायची. सगळ्यांची माणसं आली होती. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गेलेली, आयुष्यात पुस्तक न धरलेली. ज्याच्यासाठी पाठवलं तोच तेवढा आला नव्हता. ना तिच्या स्वप्नात, ना आईच्या.

"येईल," सासूबाई म्हणाल्या. "अर्धवट वाचून तो कधी काही बोलायचा का?"

विश्वास नसलेल्या गोष्टीची वाट बघणं फार वाईट. आ-श्या लिहायला बसली.

या वेळी शेवट भराभर उतरला. लिफ्ट वर पोचते, दार उघडतं, आणि दुरुस्तीवालीच्या लक्षात येतं की बटणं दाबणारा दुसरा कुणी नव्हताच, तिचा मेलेला नवराच होता, वाटभर तिला सोबत करत होता. दोघं हातात हात घालून चांदण्यांकडे बघतात. लिहिताना आ-श्याचे डोळे इतके वाहिले की चष्मा दोनदा पुसावा लागला. हा आपला सगळ्यात चांगला शेवट, असं तिला वाटलं. तिनं सासूबाईंना वाचून दाखवला.

सासूबाईंनीही डोळे पुसले. नाक शिंकरलं. मग म्हणाल्या, "गोड आहे. फारच गोड आहे."

"मग?"

"मग काय. हे वाचून माझा लेक अंधारात संडासाला गेला असता. शीळ घालत गेला असता."

आ-श्या चिडली. "नऊ महिने झाले आई! एकदा तरी मी माझ्या मनासारखं..."

"लिही की! मी नाही कुठं म्हणते?" सासूबाई तिच्याजवळ सरकल्या. "पण ते पत्र म्हणून लिही आणि नाव घालून जाळ. कादंबरी म्हणून त्याला हे पाठवलंस तर त्याला वाटेल, आपली बायको म्हातारी झाली."

आ-श्यानं त्या रागात दिवसभर सासूबाईंशी अबोला धरला. तो मोडला महिन्याच्या शेवटच्या दिवशी. फाटक बंद व्हायच्या आधी भल्या भावांना निरोपाचं जेवण घालायचं असतं, आणि ते टेबल काही एकटीला उचलत नाही. एका टोकाला सून, एका टोकाला सासू, मधे अबोला, असं ते दारात आलं.

सासूबाई पाकिटं मांडत होत्या. या खेपेला दुप्पट.

"इतकं कशाला?" अखेर आ-श्यानं तोंड उघडलं.

"मागच्या वेळी कादंबरी वाढली ना फुकट? बातमी पसरली असणार. एकाला घास घातला की तो काय एकटा जेवतो होय? हाका मारतो. एकाच्या मागं दहा उभे राहतात. वाढणाऱ्याला तोंड तेवढं एकच दिसतं."

आ-श्याच्या हातात अननस होता. तो तसाच राहिला.

"आई, परत म्हणा."

"काय परत म्हणा? अननस ठेव खाली."

पण ती अननसासकट आत पळाली होती. श्यो-चूची सासू बरोबरच बोलली होती. त्या भुताला कुणी वाढलंच नव्हतं! दुरुस्तीवाली बाई अखेर दमते, तिला दया येते, आणि डब्यातली शेवटची बिस्किटं ती लिफ्टच्या कोपऱ्यात ठेवते. म्हणते, घ्या, ज्याला भूक असेल त्यानं घ्या. नाव घालत नाही. चुकते. बटणं दाबणं थांबतं. सगळं शांत. ती निवांत टेकते. आणि मग दाराच्या वरची पट्टी, आत माणसं किती ते दाखवणारी, एकाची दोन होते. दोनाची पाच. लिफ्टला वाटेत कुठं थांबा नाही, खाली पृथ्वी चेंडूएवढी, आणि आत एकटी बाई बसलेली असताना वजन जास्त झाल्याची घंटा वाजायला लागते.

अंधार पडायच्या आत प्रकरण झालं. प्रिंटरमधून पानं निघत असताना, स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं, पण आ-श्यानं मागं वळून दाराकडे दोनदा पाहिलं.

बाहेर गल्ली जमली होती. बातमी कुणी दिली देव जाणे. लुओ सर म्हणाले, "मी मानत नाही, पण बाबांसाठी एक प्रत मिळाली तर बरं. माझी झोप होईल." आ-श्यानं दोन प्रती काढल्या. एक बिननावाची, लाल डब्यात. दुसरीवर सासूबाईंनी जाड ब्रशनं लेकाचं नाव, गल्ली आणि घर घातलं. खाली स्वतःच्या मनानं 'इतरांनी उघडू नये' असंही लिहिलं. ती आत देवघरापुढं जळली. धूर कोंडला. आ-श्या खोकली.

सासूबाईंनी कौल लावायच्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी ओंजळीत घेतल्या. "आ-लियांग, मिळालं का रे?" फरशीवर टाकल्या. एक पालथी, एक उताणी. मिळालं.

"आता तू विचार," त्यांनी त्या सुनेच्या हातात दिल्या.

आ-श्याला काय विचारायचं ते गेले नऊ महिने पाठ होतं. तरी तोंडातून निघालं एवढंच, "कसं आहे?"

दोन्ही चंद्रकोरी उताण्या पडल्या, डुलत राहिल्या. म्हणजे नुसतं हसणं. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही.

"बघा!" आ-श्या म्हणाली. "मेल्यावरही 'छान आहे' पलीकडे गाडी जात नाही." आणि वाट्या विसळायला उठली, कारण वाट्या विसळताना तोंड भिंतीकडे ठेवता येतं. फंग साहेबांना तिनं सकाळपर्यंतची मुदत मागितली होती. कुठला शेवट पाठवायचा, तो गोड की हा, हे तिचं अजून ठरत नव्हतं.

सकाळी ती पहिली पोळी तव्यावर टाकत होती, तेव्हा सासूबाई चपला फटफटत दुकानात आल्या. केस मोकळे, चेहरा त्रासलेला.

"आला होता," त्या म्हणाल्या.

पोळी करपायला लागली.

"दारातच उभा. म्हटलं, ये की आत. म्हणाला, वेळ नाही, फाटक लागतंय. म्हटलं, जेवलास का? त्याचं लक्षच नाही, सारखा मागं वळून बघतोय. मग माझा हात धरून म्हणाला, आई, एक टॉर्च पाठव. मोठा पाठव. आणि जमलं तर बोळात लावायचा दिवा, एक जिन्यातला, एक स्वयंपाकघरातला." त्या स्टुलावर टेकल्या. "मला सांग, मेलेल्या माणसाला टॉर्च कशाला लागतो?"

आ-श्यानं गॅस बंद केला. एप्रन उचलून तोंडावर धरला. तिचे खांदे इतके हलायला लागले की सासूबाई घाबरून उठल्या. जन्मात पहिल्यांदाच घाबरल्या असतील.

"रडतेस की हसतेस, पोरी?"

"काय माहीत," एप्रनमधून आवाज आला. मग तिनं तोंड पुसलं, ओल्या बोटानं फोन उघडला आणि लिफ्टमधली घंटा तैपेईला पाठवून दिली, जशीच्या तशी.

तेवढ्यात श्यो-चू दारात उभी. तिच्या मागं लुओ सर, अंगात अजून झोपेचा सदरा.

"आ-श्या वहिनी," श्यो-चू म्हणाली, "कागदी सामानाचं दुकान किती वाजता उघडतं गं? आमच्या म्हातारीनं मेणबत्त्या मागितल्यात. पेटीभर."

"बाबांना कंदील हवाय," लुओ सर म्हणाले. "मी मानत नाही."

"रांगेत या," सासूबाईंनी पाकीट काखेत मारलं आणि निघाल्या. "पहिला टॉर्च माझ्या लेकाचा. आणि आ-श्या, बघत काय बसलीस, त्या कागदी टॉर्चला कागदी सेल वेगळे घ्यावे लागतात का, की त्यातच असतात?"

"वेगळे घ्या," आ-श्या म्हणाली. "जास्तीचे घ्या. दहावी कादंबरी आहे अजून."